प्लायवुडचा सरळ छेद : चकती करवत व मार्गपट्टी

नागपूर शहराच्या पूर्वेस असलेल्या कळमना बाजार आवारात आंबिया व मृग या दोन्ही बहारांची संत्री येतात. माल बाजारात नेण्यापूर्वी आकारमानाप्रमाणे निवडून घेतल्यास तो दाखविणे व त्याचा भाव ठरविणे सोपे जाते. निवडीसाठी कडा असलेले रुंद मेज सोयीचे पडते. असे मेज, अवजारांची पेटी किंवा बियाण्याचे कपाट बागायतदारास घरीच तयार करता येते. त्यासाठी लागणारे प्लायवुड कळमन्यालगतच्या लकडगंजातील दुकानांत मिळते. अडचण येते ती सरळ छेदाची.

विजेवर चालणारी हातातील चकती करवत वेगाने कापते. परंतु केवळ नजरेच्या अंदाजाने चालविल्यास ती रेषा सोडते. अशा वेळी तिला बळेच वळविल्यास पाते अडकते व यंत्र झटक्यासरशी मागे उसळते. म्हणून छेदाचा सरळपणा हातावर न सोपविता मार्गपट्टीवर सोपवावा.

मार्गपट्टी करण्यासाठी सुमारे दीड मीटर लांब व 300 मि.मी. रुंद असा 6 मि.मी. जाडीचा प्लायवुडचा तुकडा घ्यावा. त्यावर 18 मि.मी. जाडीची अरुंद पट्टी सरसाने व स्क्रूने पक्की बसवावी. पट्टीची कारखान्यात कापलेली सरळ कड करवतीच्या बाजूस ठेवावी. करवतीच्या तळाची कड या पट्टीस टेकवून करवत एकदा चालविली, म्हणजे खालच्या तुकड्याचा जादा भाग कापला जातो. उरलेली कड हीच यापुढे पात्याची नेमकी रेषा होय. प्रत्येक वेळी अंतर मोजण्याची गरज राहत नाही. ही कड पेन्सिलीच्या रेषेवर ठेवून मार्गपट्टी हव्या असलेल्या भागावर शिकंज्यांनी आवळावी. म्हणजे पात्याने खाल्लेली जागा टाकाऊ बाजूस जाते.

ही जागा हिशेबात धरणे अगत्याचे आहे. प्लायवुडची शीट सामान्यतः 2440 बाय 1220 मि.मी. असते. तिच्या रुंदीतून 305 मि.मी.चे चार तुकडे कागदावर बसतात. परंतु 3 मि.मी. रुंदीचे तीन छेद 9 मि.मी. खातात. तुकडे 300 मि.मी.चे ठरविल्यास काम निभते.

या करवतीचे दाते खालून वर कापतात, त्यामुळे वरच्या पृष्ठाचे कपचे निघतात. शीटची चांगली बाजू खाली ठेवावी. पाते शीटच्या खाली सुमारे 6 मि.मी. उतरेल एवढेच ठेवावे. 12 मि.मी.च्या शीटसाठी मार्गपट्टीच्या तळासह ही खोली 24 मि.मी. होते. छेदाच्या दोन्ही बाजूंस भक्कम आधार द्यावा. शीट मध्येच लवल्यास फट मिटून पाते जखडते.

करवत दोन्ही हातांनी धरावी व पात्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूस उभे राहावे. खालचे संरक्षक झाकण कधीही बांधून ठेवू नये. चष्मा व मुखपट्टी वापरावी. हातमोजे, उपरणे व सैल बाह्या टाळाव्यात. पाते बदलण्यापूर्वी वीजजोड काढावा. पहिला छेद टाकाऊ तुकड्यावर घेऊन मापे पडताळावीत, नंतरच शीटला हात घालावा.