काळ्या कातळाखालचे तांबे

नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे वसले आहे. यात्रेकरूंना हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ठाऊक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये इथली पांढरी खणली, तेव्हा तळाच्या थरांत ताम्रपाषाणयुगातली वस्ती निघाली. रंगवलेली मडकी होती, अकीक-गारगोटीच्या जातीच्या दगडातून काढलेली धारदार पाती होती आणि तांब्याच्या मोजक्याच वस्तू होत्या. यात एक विसंगती आहे. पात्यांचा दगड नदीच्या पात्रात हवा तेवढा मिळत होता. ज्या धातूवरून त्या युगाला नाव पडले, तो धातू मात्र जवळपास कुठेच नव्हता. तो बाहेरून यायचा, आणि कुठून याचा माग काढताना अभ्यासकांची नजर बहुधा राजस्थानातल्या अरवलीकडे जाते.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून जड ब्राँझची चार शिल्पे सापडली, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. खानदेशापासून प्रवरेच्या खोऱ्यापर्यंत तांबे वापरणारे लोक होते. तांबे खणणाऱ्यांचा पत्ता नव्हता.

याचे उत्तर पायाखालच्या खडकात आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवर लिहिलेला वृत्तांत १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजच्या नंदुरबार-धुळ्याचा मुलूख येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्ह्याचे थर, म्हणजे डेक्कन ट्रॅप, आणि तापीकाठी त्यावर साचलेला गाळ, असा हा प्रदेश आहे. तोरणमाळचे पठार आणि अक्राणीचे डोंगर त्याच थरांचे.

आता बेसाल्टमध्ये तांबे मुळीच नसते, असे नाही. टनाला शंभर ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून बरेच जास्त, इतके ते असतेच. पण खाणीला परवडायचे तर टनामागे निदान काही किलो तांबे लागते. म्हणजे निसर्गाने हा विखुरलेला धातू आधी कुठेतरी गोळा करून ठेवायला हवा. तो कसा गोळा होतो, याचे दोन नामांकित नमुने जगात आहेत, आणि दोन्ही बेसाल्टच्याच मुलखातले.

पहिला अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या किवीनॉ द्वीपकल्पाचा. डग्लस हॉटन यांनी १८४१ मध्ये तिथल्या तांब्याचा अहवाल दिला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत खाणींची झुंबड उडाली. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा खोल गाडला गेला, त्यातून गरम पाणी फिरले, पाण्याने तांबे विरघळवले आणि लाव्ह्याच्या भोकांत व गोट्यांच्या थरांत शुद्ध धातूच्या रूपात नेऊन ठेवले. शंभराहून अधिक वर्षे त्या खाणी चालल्या. डेक्कनच्या लाव्ह्यातही अशीच भोके आहेत. ती भरली आहेत झिओलाइट आणि गारगोट्यांनी. स्फटिकांच्या संग्राहकांची त्यामुळे चैन झाली, खाणवाल्यांची नाही.

दुसरा नमुना सायबेरियातल्या नोरिल्स्कचा. तिथले तांबे-निकेल लाव्ह्याच्या थरांत नसून लाव्हा वर येण्याच्या वाटांत साचले आहे. नंदुरबारच्या दृष्टीने हा नमुना अधिक मोहात पाडणारा, कारण अशा वाटा इथे उघड्यावर दिसतात. शेतांमधून, माळांवरून मैलोन् मैल सरळ धावणाऱ्या काळ्या दगडी भिंती, म्हणजे डाइक. रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी २००७ मध्ये नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास मांडला. बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम, सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा. असे जाळे पाहिल्यावर 'इथे नोरिल्स्क का नसावे?' हा प्रश्न कुणालाही पडेल.

रीड कीज आणि पीटर लाइटफूट यांच्या २०१० मधल्या शोधनिबंधाने या आशेवर बरेच पाणी ओतले. वितळलेल्या खडकातून तांबे-निकेल वेगळे पडायचे तर गंधक पुरेसे लागते. सायबेरियात लाव्ह्याने वर येताना गंधकयुक्त थर गिळले, धातू गंधकाशी जोडले गेले आणि मागे राहिलेला लाव्हा धातूंच्या बाबतीत दरिद्री झाला. डेक्कनच्या लाव्ह्यात अशी दरिद्रता दिसत नाही. तांबे त्यातच राहिले, चोहीकडे विखुरलेले, म्हणून निरुपयोगी. निष्कर्ष सगळ्या डेक्कनवर शिक्का मारणारा नाही, पण डाइक दिसला की खाण दिसते असे मानणाऱ्यांना तो सावध करतो.

नर्मदेपलीकडे, गुजरातच्या छोटा उदेपूर भागात, आंबाडुंगरची गोष्ट वेगळी आहे. सुखेश्वाला आणि उदास यांनी १९६३ मध्ये तिथला कार्बोनेटाइट, म्हणजे कार्बोनेट खनिजांचा अग्निजन्य खडक, जगापुढे आणला. दक्षिण आफ्रिकेतल्या फालाबोर्वाला कार्बोनेटाइटमधूनच तांबे निघते. आंबाडुंगर मात्र फ्लोराइटसाठी नावाजले.

महाराष्ट्रातले तांबे गवसले ते ट्रॅप जिथे संपतो तिथे, विदर्भाच्या पूर्व भागात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना इथे कातरपट्ट्यात चिरडलेल्या ग्रॅनाइटी खडकांतल्या क्वार्ट्झ-क्लोराइटच्या शिरांत चॅल्कोपायराइट हे तांब्याचे खनिज आहे. नागपूर जिल्ह्यात साकोली पट्ट्यातले पुलर-परसोडी आहे. आणि गोंदियाच्या शेजारी, मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातले मलाजखंड या सगळ्यांचा थोरला भाऊ. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपरची तिथली उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. हॉली स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिथल्या तांब्यासोबतच्या मॉलिब्डेनाइटचे वय सुमारे २४९ कोटी वर्षे काढले. डेक्कनचा लाव्हा वाहिला तेव्हा हे तांबे २४० कोटींहून अधिक वर्षांचे म्हातारे होते.

मग तसलेच जुने खडक ट्रॅपखाली असतील काय? आहेत, निदान काही ठिकाणी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेले भोक सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडून ग्रॅनाइटी खडकांत शिरले. कोयनेला ९३० मीटरांहून खोल जावे लागले. तापीच्या खोऱ्यात आणखी एक गुंता आहे: भूकंपलहरींच्या पाहणीत ट्रॅपखाली मध्यजीव काळातल्या गाळखडकांचा जाड थर जाणवला. तेलशोधकांना तो रुचतो; तांबे शोधणाऱ्याला ती आणखी एक अडवणूक.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूरासायनिक नकाशांसाठी ओढ्या-नाल्यांतला गाळ चौरस किलोमीटरच्या चौकटींत गोळा करून तपासला जातो. बेसाल्टच्या मुलखात ही पद्धत जपून वाचावी लागते. खडकातच तांबे थोडे जास्त असल्याने सगळा नकाशाच लालबुंद दिसू शकतो. त्यात खरा अपवाद हेरणे हे कौशल्याचे काम. राजस्थानात जो आकडा पाहून भूवैज्ञानिक चमकेल, तोच सातपुड्यात रोजचा असतो.

२०२३ मध्ये केंद्राने तांब्याला महत्त्वाच्या ३० खनिजांच्या यादीत घेतले, आणि त्याच वर्षी खाण कायद्यात दुरुस्ती करून तांब्यासह २९ खोलवरच्या खनिजांसाठी खासगी शोधकांना वेगळा परवाना देण्याची सोय केली. पण शोधक आपले पैसे आधी तिथे लावतो, जिथे धातू असलेला खडक उघड्यावर दिसतो. ठाणेवासनात तो दिसतो. नंदुरबारच्या शहादा-तळोद्यात आधी गाळ, मग शेकडो मीटर लाव्हा, आणि त्याखाली काय आहे हे भोक पाडल्यावरच कळायचे. तेव्हा या परवान्यांचा पहिला ओघ चंद्रपूर-गडचिरोलीकडेच वळेल, हे सांगायला ज्योतिषी नको.