पौषातली फडफड

पंख फडफडवत उडणाऱ्या विमानाला ऑर्निथॉप्टर म्हणतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात असे छोटे पक्षी बनवून उडवण्याचा छंद रुजवायचा तर एक मोठी सोय आहे: सुरुवातीला मोटर, बॅटरी, रिमोट काहीच लागत नाही. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोने 1870च्या दशकात असा पक्षी पीळ दिलेल्या रबरावर उडवला होता. पहिला पक्षी आजही तसाच करावा. बांबूच्या बारीक काड्या, पातळ प्लास्टिक, तारेचा क्रँक आणि रबर, एवढं पुरतं.

तो उडतो कसा? पंख नुसता वरखाली हलला तर पुढे सरकणार कसा? सगळी गंमत पंखाच्या प्लास्टिकच्या पडद्यात आहे. पंखाची पुढची काडी ताठ असते, मागची कड सैल. काडी खाली येते तेव्हा ती सैल कड मागे रेंगाळते, पंख पिळला जातो आणि हवा मागे फेकली जाते. पडदा ताणून चिकटवला की पक्षी नुसता धडपडतो. आणि नवशिक्याचा हात नेमका ताणूनच चिकटवतो, पतंगाची सवय! दुसरी खोड क्रँकची. दोन्ही पंखांचे दांडे एकाच खिळीत अडकवले तर पंख अगदी एका वेळी वर जात नाहीत, आणि पक्षी एका अंगाला वळत राहतो. शेपूट जड झाली तर नाक वर करून तो खाली बसतो.

या खोडी एकेकट्याने शोधत बसलं तर हौस आटते. अमेरिकेतल्या हौशींनी ‘फ्लॅपर फॅक्ट्स’ नावाचं पत्रकच चालवलं होतं. आपल्याला एक वही पुरे: वजन किती ग्रॅम, रबराला किती पीळ, किती सेकंद टिकला, कसा पडला. न उडालेल्यांची नोंद आधी करावी.

सेकंदांवर माझा भर आहे, त्याला कारण आहे. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण अजून एकमेकांना पाठवतो. ‘वैमानिक शास्त्र’ या पुस्तकातलं शकुन विमान तर फडफडत्या पंखांचंच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1974 साली त्यातल्या विमानांची चिकित्सा केली आणि ती उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष काढला. उलट टोरंटोच्या विद्यार्थ्यांनी पायांच्या जोरावर पंख हलवणारं ‘स्नोबर्ड’ उडवलं, 2010 साली. गाडीने ओढून वर चढवल्यानंतर ते स्वतःच्या पंखांवर 19.3 सेकंद, 145 मीटर टिकलं. मला हे एकोणीस सेकंद अधिक थोर वाटतात. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो’ वेधशाळा होते आहे, 4 किलोमीटरच्या भुजांमधला अणूहूनही सूक्ष्म फरक टिपणारी. जिल्ह्याला मोजायची सवय लागायला हरकत नाही.

जागेचं म्हणाल तर मैदान फक्त पहाटे कामाचं. ऊन चढलं, वारा सुटला की दहा ग्रॅमचा पक्षी शेजारच्या हळदीत. त्यापेक्षा पौषात, लग्नं नसतात तेव्हा, मंगल कार्यालयाचा हॉल एखाद्या सकाळपुरता मागावा. पंखे बंद आहेत ना, ते आधी पाहावं. तिथे स्पर्धा ठेवली तर नियम एकच पुरे: सगळ्यांना सारख्याच वजनाचा रबर, एकाच गुंडाळीतून कापलेला.