पंचवीस म्हणायचं की वीसपाच?

वरसे गावातून साळाव-रेवदंड्याच्या रस्त्याने अलिबागला गेलं की तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाबा वेधशाळेची मोजमापं नासणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला आलं. तेव्हाची नोंद म्हणजे फोटोच्या कागदावर उमटलेली रेघ. डोळ्यांना दिसायची.

आज अलिबाग 'इंटरमॅग्नेट' या जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात आहे. या जाळ्याच्या संग्रहातली बायनरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादं भलतंच अक्षर. फाइल बिघडलेली नसते, आपण ती चुकीच्या चष्म्यातून बघतो. एका दिवसाचे बरोबर २३,५५२ बाइट, म्हणजे चार-चार बाइटच्या ५,८८८ चौकड्या. पहिल्या सोळांत वेधशाळेचं नाव-गाव आणि तारीख. २९ ऑक्टोबर २००३ असेल तर २००३३०२, वर्षाचा ३०२वा दिवस. मग चुंबकक्षेत्राच्या चार घटकांची प्रत्येकी १,४४० मिनिटं, शेवटी सरासऱ्या वगैरे.

हा आराखडा पायथन या संगणकभाषेच्या 'स्ट्रक्ट' लायब्ररीला एका ओळीत सांगता येतो: इतके पूर्णांक, प्रत्येकी चार बाइट, अमुक क्रमाने. ती आकडे काढून देते, आणि उलट दिशेने आकड्यांचे बाइटही करून देते.

गोम त्या क्रमात आहे. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण म्हणताना 'पंच' आधी आणि 'वीस' मागून. संगणकांतही हे दोन पंथ आहेत. मोठा बाइट आधी ठेवणारे 'बिग एंडियन', लहान आधी ठेवणारे 'लिटल एंडियन'. १९८० मध्ये संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी ही नावं गलिव्हरच्या गोष्टीतून उचलली. तिथे अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून युद्ध होतं. इंटरमॅग्नेटची ही फाइल लहान आधी ठेवते, आपल्या पंचविसासारखी.

समजा एका मिनिटाला क्षेत्र ३८,४०० नॅनोटेस्ला (हे ते मोजायचं एकक) होतं. दशांशाची भानगड नको म्हणून फाइलमध्ये दहापट, ३,८४,००० लिहितात. बाइट पडतात ०, २२०, ५, ०. हेच उलट्या पंथाने वाचले की उत्तर येतं १४,४१,९२० नॅनोटेस्ला. लायब्ररी तक्रार करत नाही. तिच्या लेखी दोन्ही आकडे सारखेच खरे.

ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. खरी फसवी जागा दुसरीच. नोंद चुकलेल्या मिनिटाला फाइलमध्ये ९९९९९९ लिहिलेलं असतं. तो आकडा नव्हे, ती रिकामी जागा. पण लायब्ररी तो इमानाने ९९,९९९.९ म्हणून हातात ठेवते. तासाभरात अशी दहा मिनिटं गाळायची राहिली, तर ३८,४००ची सरासरी ४८ हजारांवर जाते. म्हणजे दहा हजारांची खोटी उडी. तुलनेला, १८५९च्या सौरवादळात कुलाब्याला क्षेत्र खरोखर घसरलं होतं, ते साधारण १,६०० नॅनोटेस्लांनी.