लर्निंग लायसन्सवर राज्याची हद्द ओलांडताना

कोल्हापूरहून बेळगावकडे निघालं की कागलनंतर लगेच कोगनोळीचा टोलनाका लागतो आणि कर्नाटक सुरू होतं. नव्यानं गाडी शिकणाऱ्याला इथे हटकून प्रश्न पडतो: आपलं लर्निंग लायसन्स महाराष्ट्राच्या आरटीओनं दिलेलं, आता पुढे चालवायची, की स्टिअरिंग बाबांच्या हातात द्यायचं?

चालवायची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ नुसार लायसन्स लर्निंग असो वा पक्कं, ते सगळ्या भारतात चालतं. वेगळी परवानगी नको, नाक्यावर नोंदही नको. अमेरिकेतल्या नातेवाइकांचे अनुभव मात्र इथे लावू नका. तिकडे लर्नर्स परमिट ज्या-त्या राज्याचं असतं आणि शेजारचं राज्य ते मानेलच असं नाही.

आपल्याकडे खरी अट हद्दीची नसून शेजारच्या सीटवर कोण बसलंय याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ सांगतो की शिकणाऱ्यासोबत त्याच प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि गरज पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. म्हणजे काका मागच्या सीटवर घोरत असतील तर ते सोबत असून नसल्यासारखे. त्यांच्याकडे फक्त स्कूटरचं लायसन्स असेल, तरी कारसाठी उपयोग नाही.

गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. काचेच्या कोपऱ्यातलं इवलंसं स्टिकर या मापात बसत नाही.

दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायला मनाई आहे. मागे बसलेला माणूस ब्रेक कसा लावणार, हे नियम लिहिणाऱ्यांनाच ठाऊक! पण मित्राला डबलसीट घेऊन गोवा गाठायचा बेत असेल, तर तो नियमात बसत नाही.

हे सगळं पोलिसांपुरतं नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ असतो. लर्निंगवाल्यानं चालवलेलं त्यात चालतं, पण नियम ३ पाळला असेल तरच. लर्निंग हेही रीतसर लायसन्सच, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वरणसिंग खटल्यात म्हटलं आहे. तरी शेजारची सीट रिकामी असताना अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर कंपनी बोट ठेवू शकते.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. मोबाइलवरचा फोटो मात्र पुरत नाही. सोबतच्या माणसाचं लायसन्सही दाखवता आलं पाहिजे. आणि आंबोली किंवा चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं उतरलेलं असेल, तर कायदा काहीही म्हणो, घाटापुरतं स्टिअरिंग जाणत्या हातात द्या.

निघण्यापूर्वी लायसन्सवरची तारीख बघा. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. मुदत संपल्यावर गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. त्याला कायद्यात ५ हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि हे कलमही सगळ्या भारतात सारखंच लागू होतं.