शिंगातली दारू आणि मिनिटात सज्ज होणारी माणसं

बैलाचं शिंग आतून पोकळ करायचं, रुंद तोंडाला लाकडी झाकण ठोकायचं, टोकाला भोक पाडून त्यात बूच बसवायचं. झाली दारूची कुपी तयार! दारू म्हणजे बंदुकीची हं. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकऱ्यांच्या, लोहारांच्या घरी असं शिंग असायचं. युक्ती किती हुशारीची बघा! शिंगातून ओल आत शिरत नाही आणि लोखंडासारखी ठिणगीही उडत नाही. कुणी त्यावर आपलं नाव कोरायचं, कुणी चक्क नकाशा!

पण शेतकऱ्याला बंदूक कशाला? तिथे इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं, पण राजाची फौज बहुतेक वेळ समुद्रापलीकडे. म्हणून गावाचं रक्षण गावानेच करायचं, असा कायदा होता. साधारण १६ ते ६० वर्षांच्या पुरुषांनी बंदूक बाळगायची आणि ठरलेल्या दिवशी मैदानात कवायतीला यायचं. हीच मिलिशिया. १६४५ मध्ये तर १० ते १६ वर्षांच्या मुलांनाही लहान बंदुका, आखूड भाले आणि धनुष्यबाण शिकवा, असं ठरलं होतं! एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ही गावं जिथे वसली ती जमीन मूळ अमेरिकी लोकांची होती, आणि मिलिशिया अनेकदा त्यांच्याच विरुद्ध लढली.

आता बंदूक बघू. ती ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग शिशाची गोळी, मग लांब गजाने ठासायचं. बाजूच्या छोट्या खळग्यात चिमूटभर दारू असते, तिला म्हणतात रंजक. चाप ओढला की चकमकीचा दगड पोलादावर आपटतो, ठिणग्या रंजकावर पडतात, जाळ बारीक छिद्रातून नळीत शिरतो आणि धडाम! तरबेज सैनिकही मिनिटाला तीनेक गोळ्याच झाडू शकायचा. रंजक भिजलं तर तेवढ्याही नाहीत.

म्हणजे दारू नसेल तर बंदूक नुसती काठी! म्हणून दारूची कोठारं फार मोलाची. बॉस्टनजवळ एका जुन्या दगडी पवनचक्कीत असं कोठार होतं. पुढे राजाशी गावकऱ्यांचं बिनसलं, आणि १ सप्टेंबर १७७४ ला राजाच्याच इंग्रज सैनिकांनी पहाटे येऊन तिथली दारू उचलून नेली. अफवा पसरली की बॉस्टनवर गोळीबार झाला! हजारो माणसं बंदुका घेऊन चालत निघाली. अफवा खोटी निघाली, पण गावं जागी झाली. मिलिशियातली साधारण एक चतुर्थांश माणसं वेगळी काढून, हाक येताच मिनिटात निघायचं असं ठरलं. हेच ते प्रसिद्ध मिनिटमेन!

ॲक्टन गावचा आयझॅक डेव्हिस बंदुका बनवायचा. त्याने आपल्या मिनिटमेन तुकडीला बंदुकीवर लावायच्या संगिनीही करून दिल्या. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज सैन्य काँकर्डमधला शस्त्रसाठा नष्ट करायला निघालं. रात्रीच घोडेस्वार सुटले, घंटा आणि ढोल वाजू लागले. १९ एप्रिलच्या पहाटे वाटेतल्या लेक्सिंग्टनला कॅप्टन जॉन पार्करची सत्तर-ऐंशी माणसं उभी होती. त्यांत प्रिन्स एस्टाब्रूक हा कृष्णवर्णीय गुलामही होता. त्याला स्वतःलाच स्वातंत्र्य नव्हतं, तरी तो लढला आणि जखमी झाला. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. लेक्सिंग्टनच्या गोळीबारात आठ अमेरिकी माणसं मेली. पुढे काँकर्डच्या पुलावर डेव्हिसची तुकडी सगळ्यांत पुढे होती, कारण संगिनी तिच्याकडे होत्या. तिथेच डेव्हिसला गोळी लागली. पण इंग्रज सैन्य मागे फिरलं, आणि बॉस्टनपर्यंतच्या वाटेवर गावोगावची मिलिशिया भिंतींआडून, झाडांआडून त्याच्यावर गोळ्या झाडत राहिली.

दोनच महिन्यांनी बंकर हिलच्या लढाईत या लोकांनी इंग्रजांचे दोन हल्ले परतवले. तिसऱ्या वेळी दारूच संपली आणि टेकडी सोडावी लागली.

मग दारू आणायची कुठून? तिच्यात गंधक, कोळसा आणि सर्वांत जास्त सोरा लागतो. त्या काळी इंग्रजांना भरपूर सोरा मिळायचा तो आपल्या बिहारमधून! अमेरिकेत त्याची टंचाई. म्हणून १७७५ मध्ये तिथल्या पुढाऱ्यांनी घरच्या घरी सोरा कसा करायचा याची पुस्तिकाच छापली. माती कुठली घ्यायची ठाऊक आहे? गोठ्यातली आणि तबेल्यातली! जनावरांच्या मूत्रात नायट्रोजन असतो, मातीतले सूक्ष्मजीव त्याचे नायट्रेट क्षार बनवतात. ती माती पाण्यात कालवायची, पाणी निथळून घ्यायचं, त्यात लाकडाची राख मिसळायची आणि ते आटवायचं. थंड झालं की तळाशी सोऱ्याचे स्फटिक!