माफी मागू नका, पुरावा मागा!

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची मुले-मुली आज इंग्लंडात आहेत. कोणी नर्स म्हणून गेली, कोणी संगणकाच्या कंपनीत, कोणी वृद्धाश्रमात सेवक म्हणून, तर कोणी शिक्षणासाठी कर्ज काढून. तिथे वर्ष-दोन वर्षांत जुनी का होईना गाडी घ्यावीच लागते, कारण रात्रपाळी सुटते तेव्हा बस मिळत नाही. आणि गाडी आली की एक दिवस दारात ते पत्र येते. वर मोठ्या अक्षरात ‘पीसीएन’, खाली गाडीचा फोटो, नंबर, आत आल्याची व बाहेर गेल्याची वेळ. आणि शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर साठ!

शंभर पौंड म्हणजे आपले दहा हजारांहून अधिक रुपये. घरी पाठवायच्या पैशातूनच ते जातात. तरीही बहुतेक जण एक शब्द न विचारता भरून मोकळे होतात. का? कारण पत्र सरकारी वाटते. परक्या देशात सरकारशी भानगड नको, व्हिसाला धक्का नको, ही भीती मनात बसलेली असते. या भीतीचे कागदावरचे रूप म्हणजे ते पत्र, असे आमचे मत आहे. म्हणून आज याच कागदाची कायदेशीर चिरफाड करायची आहे.

पहिला मुद्दा, हे पत्र पाठवतो कोण? तिकडे ‘पीसीएन’ हीच तीन अक्षरे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. नगर परिषदेने रस्त्यावरच्या पार्किंगसाठी दिलेली नोटीस म्हणजे पेनल्टी चार्ज नोटीस. तो कायद्याने लावलेला दंड आहे व त्याविरुद्ध दाद मागायला सरकारी न्यायाधिकरणे आहेत. परंतु सुपरमार्केट, दवाखाना, व्यापारी संकुल यांच्या खासगी जागेत पार्किंग सांभाळणारी कंपनी जे पत्र पाठवते ते पार्किंग चार्ज नोटीस. तो दंड नव्हे! एका खासगी कंपनीने कराराच्या आधारे केलेली ती पैशाची मागणी आहे. तिथे लावलेला फलक हा कराराचा मसुदा, गाडी लावणे ही त्याला संमती आणि अट मोडली म्हणून ही रक्कम, असा त्यांचा दावा असतो. यात गुन्हा नाही, पोलीस नाहीत, गुन्हेगारी नोंदही नाही. मग अक्षरे तीच का वापरतात? याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

दुसरा मुद्दा, कंपनीला तुमचा पत्ता मिळतो कुठून? तिथल्या सरकारच्या वाहन नोंदणी खात्याकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून. प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड भरले की वाहनधारकाचे नाव-पत्ता कंपनीच्या हाती येतो. अलीकडच्या काळात वर्षाला एक कोटीहून अधिक वेळा अशी माहिती दिली गेली आहे. एवढा मोठा हा धंदा आहे!

या धंद्याचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. पूर्वी खासगी जागेत गाडी लावली की तिच्या चाकाला लोखंडी कुलूप ठोकत व पैसे घेतल्याशिवाय सोडत नसत. स्कॉटलंडमध्ये ही दांडगाई न्यायालयाने १९९२ मध्येच बेकायदा ठरवली होती. इंग्लंड व वेल्समध्ये ती २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याने बंद झाली. मात्र कुलूप काढून घेताना संसदेने कंपन्यांच्या हाती दुसरे हत्यार दिले. याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार, चालक कोण होता हे कळले नाही तरी ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडून पैसे मागता येतात. पण त्यासाठी कंपनीने कायद्यातली प्रत्येक अट पाळली पाहिजे. आणि याच वेळी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, स्वतंत्र अपिलाची सोय सुरू झाली. तिचे नाव ‘पोपला’, म्हणजे खासगी जागेवरील पार्किंगची अपिले.

इथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. ‘खासगी कंपनीचे पत्र आहे, फाडून टाका’ असा सल्ला तिकडचे जुने लोक अजूनही देतात. तो सल्ला आज घातक आहे. २०१५ मध्ये ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चेम्सफर्डच्या एका व्यापारी संकुलात दोन तास मोफत पार्किंग होते. तिथे गाडी ५६ मिनिटे जास्त थांबली व ८५ पौंडांची मागणी झाली. ही रक्कम जाचक दंड नाही, जागा सतत मोकळी होत राहावी यात कंपनीचे व जागामालकाचे रास्त हित आहे आणि फलक मोठे व स्पष्ट होते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे कंपनी दिवाणी न्यायालयात जाऊ शकते आणि जिंकूही शकते. न्यायालयाच्या कागदाला उत्तरच दिले नाही तर एकतर्फी निकाल होतो, पैसे थकले तर पत खराब होते आणि पुढे घरासाठी कर्ज मिळणे अवघड होते. तेव्हा फाडू नका. पण निमूट भरूही नका. वाचा!

वाचायचे काय? आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. विदर्भातून नर्स म्हणून गेलेल्या एका मुलीचा फोन आला. “काका, साठ पौंड भरून टाकते. व्हिसाचं काही होऊ नये म्हणजे झालं.” आम्ही म्हटले, “थांब पोरी, आधी पत्र पाठव.” पत्रात लिहिले होते की कॅमेऱ्याच्या नोंदीनुसार गाडी दोन तासांच्या मर्यादेपेक्षा २५ मिनिटे जास्त थांबली. काचेवर कोणतीही नोटीस लावलेली नव्हती. आम्ही पहिल्यांदा तारखा पाहिल्या. पार्किंगची तारीख आणि पत्र काढल्याची तारीख यांत १९ दिवसांचे अंतर होते.

आता कायदा काय म्हणतो? काचेवर नोटीस नसेल, नुसत्या कॅमेऱ्यावर काम असेल, तर वाहनधारकाला पाठवलेली नोटीस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. टपालात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ती पोहोचली असे धरले जाते. इथे तर पत्र निघालेच १९ व्या दिवशी! याचा अर्थ, वाहनधारकाला जबाबदार धरण्याचा कंपनीचा हक्क संपला. मागायचेच तर चालकाकडे मागावे. आणि चालक कोण होता हे कंपनीला माहीत नव्हते.

इथे नीट लक्ष द्यावे. पोलिसांच्या प्रकरणात, म्हणजे वेगमर्यादा मोडणे वगैरे, चालकाचे नाव सांगणे वाहनधारकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिथे लपवाछपवी केली तर तो गुन्हा ठरतो. खासगी पार्किंगच्या मागणीत मात्र असे बंधन नाही. गाडी ज्याच्या नावावर तोच ती चालवत होता असे गृहीत धरता येत नाही, हे पोपलाचे तेव्हाचे प्रमुख निर्णायक हेन्री ग्रीनस्लेड यांनी २०१५ च्या अहवालातही स्पष्ट केले होते. म्हणून आम्ही त्या मुलीला एकच सांगितले. खोटे एक अक्षर लिहू नकोस, पण ‘मी गाडी लावली’, ‘मला उशीर झाला’ अशी वाक्येही लिहू नकोस. ‘या गाडीची नोंदणीकृत धारक या नात्याने मी लिहिते’ एवढेच लिही.

तिने आधी कंपनीकडेच अपील केले. त्यासाठी २८ दिवस मिळतात. कंपनीने ते फेटाळले, पण नियमाप्रमाणे पोपलाचा दहा आकडी क्रमांक द्यावा लागला. तिथून पुढे पुन्हा २८ दिवस. या अपिलाला फी नाही, खर्च कंपनीच्या माथी असतो. मात्र सवलतीचे साठ पौंड साधारणतः इथे संपतात. हरलो तर पूर्ण शंभर, ही जोखीम माहीत असूनच पुढे जायचे असते. तिने पाऊण पानाचे अपील लिहिले. कंपनीने फोटो, नकाशे, फलकांची चित्रे असा गठ्ठा जोडला. त्यावर उत्तर द्यायला सात दिवस मिळतात. तिने उत्तरात एकच विचारले, एवढ्या कागदांत १४ दिवसांत नोटीस पोहोचल्याचा कागद कुठे आहे? अपील मंजूर झाले. मागणी रद्द! पोपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, वाहनधारकावर नसतो. म्हणजे अपिलात हरलात तरी दिवाणी न्यायालयात आपली बाजू मांडायचा तुमचा हक्क शाबूत राहतो.

या प्रकरणातून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट कोणती? तिचा पहिला कच्चा मसुदा आम्ही पाहिला होता. त्यात ‘मी रात्रपाळी करून थकले होते, कृपया एकवेळ माफ करावे’ असे लिहिले होते. ते सारे खरे होते, पण उपयोगाचे नव्हते. पोपलाचा निर्णायक दया दाखवायला बसलेला नसतो. मागणी कायद्याप्रमाणे व नियमाप्रमाणे केली की नाही, एवढेच तो पाहतो. आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. ज्याने मागितले त्याने सिद्ध करावे! आपल्या लोकांना हात जोडायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली. जोडलेल्या हातांनी कागद उलटता येत नाही.

तारखांशिवाय आणखी काय तपासावे? फलक प्रवेशाशी होता का, अंधारात वाचता येत होता का, रक्कम ठळक लिहिली होती का. मुदत संपल्यावर किमान १० मिनिटांची सूट दिली का. आत शिरल्यावर फलक वाचून थांबायचे की जायचे हे ठरवायला किमान पाच मिनिटे दिली का. कॅमेरा फाटकातून आत-बाहेर जाण्याची वेळ टिपतो, प्रत्यक्ष गाडी उभी असल्याची नव्हे. रांगेत गेलेला वेळही त्यात मोजला जातो. सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा आलेली गाडी दिवसभर उभी होती असे दाखवल्याचे प्रकारही घडतात. पैसे भरताना यंत्रात गाडीच्या नंबरातले एखादे अक्षर चुकले असेल तर ती मागणी रद्द व्हावी असा नियम आहे. जागामालकाने कंपनीला दिलेला लेखी अधिकार मागावा. आणि विमानतळ, रेल्वे स्थानक अशा स्वतंत्र उपविधी असलेल्या जागांना चौथे परिशिष्ट लागू होत नाही, हेही विसरू नये. हे परिशिष्ट फक्त इंग्लंड व वेल्सपुरते आहे.

वसुली कंपन्यांची लाल अक्षरातली पत्रे आली तर घाबरू नये. ते वसुलीदार आहेत, न्यायालयाचे बेलिफ नव्हेत. त्यांना घरात पाऊल टाकण्याचा अधिकार नाही. मात्र दिवाणी न्यायालयाचा दावा आला तर एक दिवसही उशीर करू नये, मुदतीत उत्तर द्यावे.

आता एक प्रश्न सरळ विचारला पाहिजे. ही व्यवस्था खरोखर स्वतंत्र आहे का? पोपला चालते ती ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपन्यांसाठी. दुसरी संघटना आहे, तिची अपील सेवा वेगळी. कंपनी ज्या संघटनेची सभासद तिथेच तुम्हाला जावे लागते. दोन्हींचा खर्च याच धंद्यातून येतो. ज्याच्या पैशावर न्यायासन उभे, त्याच्याविरुद्ध न्याय किती मिळणार, ही शंका तिथले ग्राहकही घेतात. म्हणूनच संसदेने २०१९ मध्ये सरकारी आचारसंहितेचा कायदा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता जाहीर झाली, तीत लंडनबाहेर रक्कम ५० पौंडांपर्यंत खाली आणण्याची तरतूद होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने संहिता मागे घेतली! मग दोन्ही संघटनांनी २०२४ मध्ये आपलीच संयुक्त संहिता आणली, तीत कमाल रक्कम शंभर पौंडच राहिली. जुलै २०२५ मध्ये सरकारने नव्याने सल्लामसलत सुरू केली. कायदा होणे आणि कायदा अंमलात येणे यांत किती अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि आपल्याकडे? मॉलमध्ये पार्किंगची पावती फाडली जाते, त्यावर नियम कोणते हे कोणी विचारत नाही. मॉलला पार्किंग शुल्क घेण्याचा अधिकार नाही, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. पण महाराष्ट्रात अशा पावतीविरुद्ध झटपट, मोफत अपिलाची वेगळी सोय नाही. तरीही ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारातील तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही आणि तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, वकील लागत नाही. हे आम्ही वकील असून सांगतो आहोत!

साठ पौंड वाचले ही त्या मुलीसाठी मोठी गोष्ट आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. तिच्या वॉर्डातल्या केरळच्या, फिलिपाइन्सच्या मैत्रिणी आता अशी पत्रे घेऊन तिच्याकडे येतात आणि ती त्यांना पहिला प्रश्न विचारते, “तारीख कोणती आहे?” ज्यांची मुले तिकडे आहेत त्या वाचकांनी हा प्रश्न आज रात्रीच त्यांना फोनवर शिकवावा. पत्राची तारीख पाहा, पाकीट जपून ठेवा, फलकाचा फोटो काढा. भरायचे की लढायचे, हे त्यानंतर ठरवा.