शिंदे-होळकरांचें वैर आणि घोडनदीकांठची छावणी

पुण्याहून नगरकडे जाणारा वाटसरू शिरूरास घोडनदी ओलांडतो, तेव्हां या नदीच्या कांठीं एके काळीं परक्या फौजेची छावणी कां पडली होती, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येत असेल. शाळेंतील इतिहासाचें पुस्तक त्यास सांगतें कीं, १८०२ सालीं वसईचा तह झाला व त्या तहानें इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखांत आली. हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. घरांत चोर शिरला हें सांगून भागत नाहीं. दार कोणीं उघडें टाकलें हेंही विचारावें लागतें. शिरूरच्या छावणीचें दार शिंदे व होळकर या दोन घराण्यांच्या वैरानें उघडलें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हीं दोन्ही घराणीं एकाच मातींतलीं. मल्हारराव होळकर नीरेकांठच्या होळ गांवचे, राणोजी शिंदे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. दोघेही थोरल्या बाजीरावांच्या हाताखालीं साध्या नोकरीपासून चढत गेले; दोघांनींही माळव्यांत घोडीं नाचविलीं. दोघांचा उदय एकाच वेळीं व एकाच मुलखांत झाला, आणि वैराचें बीजही तेथेंच पडलें. माळव्याचा वसूल पेशव्यांनीं शिंदे, होळकर व पवार यांच्यांत वांटून दिला. पुढें उत्तरेंत जसजशी नवी खंडणी बसत गेली, तसतसा कोणाचा हिस्सा किती, कोणत्या राजाशीं बोलणें कोणीं करावें, याचे तंटे वाढत गेले.

१७५४ सालीं कुंभेरच्या वेढ्यांत मल्हाररावांचे एकुलते पुत्र खंडेराव पडले. बाप सूडानें पेटला असतां जयाप्पा शिंद्यांनीं सूरजमल जाटाशीं तहाची बोलणीं पुढें रेटलीं. तो सल होळकरांच्या मनांतून गेला नाहीं. १७५७ सालीं नजीबखान हातीं सांपडला असतां मल्हाररावांनीं त्यास पाठीशीं घातलें. त्याच नजीबानें पुढें अब्दालीस साथ दिली, आणि १७६० च्या जानेवारींत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तो सल शिंद्यांच्या मनांत राहिला. अशा रीतीनें दोन्ही घरांत एकेक जखम वाहती राहिली आणि प्रत्येक पिढीनें ती आपल्या मुलांस वारसा म्हणून दिली.

महादजींनीं पानिपतानंतर उत्तरेंत मराठ्यांचा दरारा पुन्हां बसविला, हें त्यांचें यश निर्विवाद आहे. परंतु दिबॉयनच्या कवायती पलटणी ज्या दिवशीं तुकोजी होळकरांच्या फौजेवर लाखेरीस तुटून पडल्या, त्या १७९३ सालच्या दिवसास विजयाचा दिवस कोण म्हणेल? तोफा मराठ्यांच्या, मेले तेही मराठ्यांचेच. पुढें वर्षभरांत महादजी गेले, १७९५ त अहिल्याबाई व १७९७ त तुकोजी गेले, आणि आवर घालणारें वडील माणूस कोणत्याच घरांत उरलें नाहीं. त्याच १७९७ सालीं पुण्यास भांबुर्ड्यांत दौलतराव शिंद्यांच्या फौजेनें मल्हारराव होळकर (दुसरे) यांस ठार केलें. त्यांचें तान्हें मूल खंडेराव शिंद्यांच्या कैदेंत राहिलें. १८०१ च्या एप्रिलांत दुसऱ्या बाजीरावानें विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं दिलें. यशवंतराव होळकरांनीं त्याच वर्षीं उज्जैन मारली. शिंद्यांनीं इंदुरास उट्टें काढलें. शेवटीं २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या एकवटलेल्या फौजेचा यशवंतरावांनीं मोड केला. बाजीराव कोंकणांत पळाले व ३१ डिसेंबर रोजीं त्यांनीं वसईस सही केली : सहा हजारांहून कमी नाहीं इतकें पायदळ आणि त्याच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख. त्या फौजेचें ठाणें शिरूरास झालें. एका वैराची ही किंमत, आणि तीही तिसऱ्यानेंच भरून द्यावयाची!

येथें तरी डोळे उघडावयाचे! पण १८०३ सालीं शिंदे व नागपूरकर भोसले असईस लढले तेव्हां होळकर दूर राहिले. १८०४ त होळकर एकटे लढले तेव्हां शिंद्यांचे हात तहानें बांधलेले होते. १८१७ च्या नोव्हेंबरांत शिंद्यांनीं ग्वाल्हेरीस तह पत्करला, डिसेंबरांत महिदपुरास होळकरांचा मोड झाला. आणि त्याच ३१ डिसेंबरच्या रात्रीं शिरूरच्या छावणींतून निघालेली एक तुकडी दुसऱ्या दिवशीं कोरेगांवीं पेशव्यांच्या फौजेशीं झुंजली. त्या तुकडींत महार शिपायांची संख्या मोठी होती, हेंही विसरतां येत नाहीं. ज्या राज्यानें आपलीच माणसें गांवकुसाबाहेर ठेवलीं, त्यानें त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? वरच्यांनीं आपसांत वैर करावें व खालच्यांस माणूस म्हणून गणूं नये, या दोन दोषांची जात एकच आहे. दोन्हींत 'आपण सारे' हा शब्दच नसतो.

कोणी म्हणतील, हा स्वभावदोष. मराठ्यांच्या रक्तांतच भाऊबंदकी आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. फ्रान्स व जर्मनी यांच्यांत १८७०, १९१४ व १९३९ अशीं तीन युद्धें झालीं. त्यांच्या रक्तांत काय मराठे होते? परंतु १९५१ सालीं त्याच दोघांनीं शेजाऱ्यांसह कोळसा व पोलाद यांचा कारभार एका सामाईक मंडळाच्या देखरेखीखालीं आणला, आणि ज्या खनिजांवर तोफा ओतल्या जात होत्या त्यांवरून तोफ चालण्याचें थांबलें. स्वभाव बदलला नव्हता. व्यवस्था बदलली होती. पुण्याच्या दरबारांत नेमकी ती व्यवस्था नव्हती. हिस्से कागदावर संदिग्ध होते, आणि निवाडा करावयाचा तो पेशवा शेवटीं स्वतःच एका पक्षाचा झाला. पंचच वादी झाल्यावर न्याय तलवारीकडे जावयाचाच.

हें सर्व जुनें उकरून काढण्याचें कारण आजचें आहे. शिरूर व दौंड हे दोन तालुके भीमेच्या दोन बाजूंस वसलेले, दोन्ही चढते. इकडे रांजणगांवची औद्योगिक वसाहत, तिकडे कुरकुंभची. दोन्हींकडे ऊंस, दोन्हींकडे साखर कारखाने. दौंडाची नजर खडकवासल्याच्या कालव्यावर, शिरूरची चासकमान व घोड धरणांवर. उन्हाळा लागला कीं आवर्तन कोणास आधीं व कोणाच्या वांट्याचें पाणी कोणीं वळविलें, हा वाद उठावयाचाच. वाद उठणें हा गुन्हा नव्हे. पुढारी आपल्या गादीसाठीं तो पेटता ठेवतात, हा मात्र गुन्हा आहे. पाणी वांटण्यासाठीं २००५ सालीं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आहे. शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था उभ्या कराव्या, पाणी मोजून घ्यावें, हिस्सा लेखी मागावा, आणि निवाडा विरुद्ध गेला तरी तो मानण्याची संवय लावून घ्यावी. लाखेरीचा विजय मिळविण्यापेक्षां हें कठीण आहे, यांत शंका नाहीं.

शिरूरची छावणी केव्हांच उठली. शेजाऱ्याचें पीक वाळलेलें पाहून ज्यास समाधान वाटतें, त्यानें मात्र एकदां घोडनदीच्या कांठीं उभें राहून विचारावें कीं, आपल्या या समाधानाचा भाडेकरू उद्यां कोण होणार आहे?